न वटलेला धनादेश आणि बँकेची जबाबदारी: खातेदाराने काय मागावे, कधी मागावे

खात्यात भरलेला धनादेश न वटता परत आला की खातेदाराचा सगळा रोष तो देणाऱ्यावर असतो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. मात्र भरल्यापासून परत हातात पडेपर्यंत तो कागद ज्या बँकेच्या ताब्यात असतो, त्या बँकेने या काळात काय करायला हवे आणि ते न केल्यास तिला कशाबद्दल जाब विचारता येतो, याचा विचार फारसा होत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे. धनादेश देणाऱ्यावरील फौजदारी कारवाईचा उल्लेख बँकेच्या वागण्याशी तिचा जेथे संबंध येतो तेथेच केला आहे.

एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी. बँक कोणाची जामीनदार नसते. देणाऱ्याच्या खात्यात पैसे नव्हते, त्याने खाते बंद केले होते किंवा पैसे न देण्याची सूचना त्याच्या बँकेला दिली होती, तर ती रक्कम आपली बँक भरून देणार नाही, आणि तशी मागणी करणारी तक्रार पहिल्याच पायरीवर कमकुवत होते. बँक आपला धनादेश वसुलीसाठी स्वीकारते तेव्हा ती आपली प्रतिनिधी म्हणून काम करते, आणि प्रतिनिधीकडून जी सावधगिरी अपेक्षित असते तीच तिच्याकडून मागता येते: धनादेश वेळेवर पुढे पाठवणे, न वटल्यास विनाविलंब कळवणे, मूळ धनादेश नेमक्या कारणासह परत देणे आणि तोवर तो नीट सांभाळणे. तक्रार या चारपैकी कोणत्या कामात कसूर झाली तेवढ्यावर बांधावी. रकमेचे भांडण देणाऱ्याशी आणि कसुरीचे भांडण बँकेशी, ही फारकत सुरुवातीपासून डोक्यात पक्की असलेल्या खातेदाराचे काम पुष्कळ सोपे होते.

भरतानाच पुरावा तयार करावा

बँकेच्या दारातली धनादेशाची पेटी सोयीची असते, पण तिच्यात टाकलेल्या धनादेशाची पोच मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेविषयीच्या सूचनांनुसार पेटी ठेवणाऱ्या शाखेने काउंटरवर धनादेश घेऊन भरणा स्लिपवर पोच देण्याची सोयही ठेवली पाहिजे, ती सोय उपलब्ध असल्याचे पेटीवरच लिहिले पाहिजे, आणि काउंटरवर आलेल्या ग्राहकाला पोच नाकारता येत नाही. ‘पेटीत टाका, पोच मिळणार नाही’ असे सांगणारा कर्मचारी बहुधा कामाच्या घाईत असतो. त्याच्याशी हुज्जत न घालता शाखाधिकाऱ्यांकडे जावे आणि शिक्का व तारीख असलेली पोच घेऊनच बाहेर पडावे. रक्कम मोठी असेल तर ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

धनादेश देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. आजच्या व्यवस्थेत या फोटोला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. पूर्वी धनादेशाचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रत्यक्ष जात असे. चेक ट्रंकेशन, म्हणजे सीटीएस, व्यवस्थेत कागद आपल्याच बँकेकडे राहतो आणि पुढे जाते ती त्याची प्रतिमा. ही व्यवस्था २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत आली. याचा खातेदाराच्या दृष्टीने एक सरळ परिणाम असा, की धनादेश हरवला तर तो जवळजवळ नेहमी आपल्याच बँकेच्या साखळीत, म्हणजे शाखा, स्कॅनिंग केंद्र आणि त्यांच्यामधली ने-आण यांत कोठेतरी हरवलेला असतो. ‘समोरच्या बँकेकडून आलाच नाही’ या उत्तराला आता फारसा अर्थ उरलेला नाही, आणि असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागून घ्यावे.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, ज्याला व्यवहारात एन. आय. ॲक्ट म्हणतात, २००२ च्या दुरुस्तीने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली आहे. प्रतिमेच्या आधारे पैसे वसूल करणाऱ्या बँकेने मूळ धनादेश सकृद्दर्शनी खरा आहे ना, त्यावर नेहमीच्या सावधगिरीने लक्षात येईल अशी खाडाखोड किंवा बनावट आहे का, हे पाहिले पाहिजे, असे कलम १३१ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पैसे देणारी बँक कागद पाहतच नसल्यामुळे तो पाहण्याची जबाबदारी ज्या बँकेच्या हातात तो आहे तिच्यावर आली, इतका हा साधा तर्क आहे. त्यामुळे ठसठशीत दोष असलेला धनादेश, उदाहरणार्थ अंकांतील आणि अक्षरांतील रक्कम न जुळणारा किंवा तीन महिन्यांची मुदत उलटून गेलेला, बँकेने काउंटरवर निमूटपणे घेतला आणि मग तो परत आल्यावर आपल्याकडून शुल्क कापले, तर तो का घेतला असे विचारण्यास आपण मोकळे असतो. अर्थात मुदत आपणही पाहायची असते. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीनच महिने चालतो, सहा नव्हे, आणि जुन्या सवयीने सहा महिने धरून चालणारे लोक अजूनही भेटतात.

मोठ्या रकमेचा धनादेश स्वीकारताना देणाऱ्याला आणखी एक गोष्ट विचारावी. जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार रुपये आणि त्यापुढच्या धनादेशांसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे. तीत देणारा धनादेशाची तारीख, रक्कम आणि कोणाच्या नावाने दिला हे आपल्या बँकेला आधी कळवतो, आणि पाच लाख व त्यापुढच्या धनादेशांना ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. देणाऱ्याने हे कळवले नसेल तर खात्यात पुरेसे पैसे असूनही धनादेश परत येऊ शकतो, आणि त्या परतीला आपली बँक मुळीच जबाबदार नसते.

धनादेश किती वेळात वटला किंवा परत आला पाहिजे

४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंगची, म्हणजे बँकाबँकांमधल्या धनादेशांच्या देवाणघेवाणीची, पद्धत बदलली आहे. दिवसातून ठरावीक वेळी गठ्ठ्याने धनादेश पाठवण्याऐवजी दिवसा ठरलेल्या वेळेत ते सतत पाठवले जातात, आणि ज्या बँकेवर धनादेश काढलेला आहे तिने तो मान्य किंवा अमान्य असल्याचे संध्याकाळी सातपर्यंत कळवायचे असते. तिने काहीच कळवले नाही तर धनादेश मान्य झाला असे धरून हिशेब पूर्ण केला जातो. म्हणजे ‘अजून क्लिअरिंगमध्ये आहे’ हे उत्तर चार-पाच कामकाजाच्या दिवसांनंतरही मिळत असेल, तर धनादेश शाखेतून नेमका कोणत्या दिवशी स्कॅन होऊन गेला, असा थेट प्रश्न विचारावा. विलंब बहुधा तेथेच झालेला असतो.

अशा विलंबाची भरपाई बँकेच्या स्वतःच्या धनादेश वसुली धोरणात लिहिलेली असते. प्रत्येक बँकेने असे धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे, आणि ठरलेल्या मुदतीपलीकडच्या दिवसांचे व्याज खातेदाराने मागितले नाही तरी द्यावे, हा त्यामागचा दंडक आहे. प्रत्यक्षात ते मागावे लागते. बँकेच्या संकेतस्थळावरून धोरणाची प्रत काढावी आणि त्यातील संबंधित परिच्छेदाचा क्रमांक अर्जात नमूद करावा. व्याजाची रक्कम बहुधा किरकोळ निघते, पण विलंब झाल्याची कबुली तिच्यासोबत कागदावर येते, आणि पुढे तीच कामाला येते.

परतीचा मेमो: या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद

धनादेश न वटल्याचा एसएमएस येणे पुरेसे नाही. न वटलेला धनादेश विनाविलंब, कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, ग्राहकाला परत द्यावा किंवा रवाना करावा, अशी शिफारस बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करणाऱ्या गोईपोरिया समितीने केली होती आणि रिझर्व्ह बँकेने ती बँकांना लागू केली आहे. धनादेशासोबत परतीचा मेमो मिळाला पाहिजे, त्यावर परतीची तारीख आणि निश्चित कारण असले पाहिजे, आणि तो अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने प्रमाणित केलेला असला पाहिजे. अधिनियमाच्या कलम १४६ नुसार बँकेची अधिकृत खूण असलेला असा मेमो न्यायालयात सादर झाला की धनादेश न वटल्याचे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. हा कागद नसेल तर तीच गोष्ट साक्षीदार बोलावून सिद्ध करत बसावे लागते.

मेमो हातात पडताच काउंटरवर उभ्या उभ्याच वाचावा. धनादेशाचा क्रमांक, रक्कम, खाते क्रमांक आणि तारीख जुळते का, हे पाहावे. घाईत दुसऱ्याच ग्राहकाचा मेमो टाचून दिल्याचे प्रकार घडतात. त्यानंतर कारण पाहावे, कारण पुढे काय करायचे ते त्यावर ठरते. ‘निधी अपुरा’ हे सर्वांत सरळ कारण. ‘खाते बंद’, ‘देणाऱ्याने पैसे देणे थांबवले’ किंवा ‘सही जुळत नाही’ असे लिहिलेले असले म्हणून फौजदारी मार्ग बंद झाला असे अनेकांना वाटते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही प्रकारांत अधिनियमाचे कलम १३८, म्हणजे धनादेश न वटल्याबद्दल देणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम, लागू होऊ शकते असे म्हटले आहे. त्यांपैकी पैसे थांबवण्याविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय, २००३ चा, गोवाप्लास्ट कंपनीच्या प्रकरणात झाला. सही न जुळण्याबाबतचा निर्णय २०१२ चा आहे. उलट ‘देणाऱ्याशी संपर्क साधा’ एवढेच मोघम लिहिलेले असेल तर त्यावर समाधान मानू नये. नेमके कारण देण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.

काही कारणे अशी असतात की ज्यांत ना आपला दोष असतो ना देणाऱ्याचा: प्रतिमा अस्पष्ट होती, क्लिअरिंगचा शिक्का चुकला, एकच धनादेश दोनदा पाठवला गेला, ज्या बँकेवर धनादेश काढला तिचे मध्यस्थ बँकेकडील पैसे अपुरे होते. अशा परतीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. ग्राहक चुकला असेल तरच परतीचे शुल्क घ्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. शिवाय ग्राहकाला न विचारता पुन्हा पाठवता येण्याजोगा धनादेश लगेचच्या क्लिअरिंगमध्ये, सुट्ट्या वगळून चोवीस तासांच्या आत, पुन्हा सादर करावा आणि ते ग्राहकाला एसएमएसने किंवा ईमेलने कळवावे, हेही बँकेचेच काम आहे. महिन्याच्या शेवटी खात्याचा उतारा पाहताना परतीचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी असे दोन आकडे दिसले, तर आधी मेमोवरचे कारण पाहावे आणि मगच ते मान्य करावेत. ही रक्कम लहान असल्यामुळे कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नसल्यामुळेच ती सर्रास कापली जाते.

तारखांचा हिशेब आणि त्यात बँकेचा वाटा

देणाऱ्यावर कलम १३८ खाली कारवाई करायची असल्यास तीन मुदती पाळाव्या लागतात. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत देणाऱ्याला रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस त्याला पैसे देण्यासाठी असतात. ते त्याने दिले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात फिर्याद दाखल करावी लागते. यांतली शेवटची मुदत पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय वाढवू शकते. पहिली, म्हणजे नोटिशीची तीस दिवसांची मुदत, वाढवून देण्याची तरतूद कायद्यात नाही.

समजा, माहिती ३ मार्चला मिळाली. तो दिवस सोडून तीस दिवस मोजले तर नोटीस २ एप्रिलपर्यंत निघाली पाहिजे. ती देणाऱ्याला ८ एप्रिलला मिळाली तर त्याचे पंधरा दिवस २३ एप्रिलला संपतात, आणि फिर्याद २३ मेपर्यंत दाखल करणे सुरक्षित ठरते.

या हिशेबात बँक कोठे येते? तीस दिवस धनादेश परत आल्यापासून नव्हे, तर तशी माहिती आपल्याला मिळाल्यापासून मोजले जातात, म्हणून बँकेने मेमो उशिरा दिला एवढ्याने कारवाईचा हक्क आपोआप बुडत नाही. तथापि माहिती नेमकी केव्हा मिळाली हा पुढे वादाचा मुद्दा होतो, कारण देणाऱ्याचा वकील बँकेच्या एसएमएसच्या तारखेवर बोट ठेवतो आणि आपण मेमोच्या. हा वादच उद्भवू नये म्हणून मोजणी सर्वांत आधीच्या सूचनेपासून करावी, मग ती एसएमएसने आलेली असो वा खात्याच्या उताऱ्यातील नोंदीने. त्याचबरोबर मेमो ताब्यात घेताना बँकेच्या वहीत सही करण्याआधी त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने लिहावी. बँक मेमोवर जुनी तारीख टाकून तो दहा दिवसांनी देत असेल, तर तो कधी मिळाला याचा आपल्याजवळचा पुरावा ही तारीखच असते.

नोटिशीची मुदत हुकली तरी सगळे संपले असे नाही. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो, पुन्हा न वटल्यास नव्याने नोटीस देता येते, आणि अशा दुसऱ्या वेळच्या परतीवर आधारलेली फिर्यादही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. यामुळेच बँकेकडून होणाऱ्या विलंबाची खरी किंमत लक्षात येते. मूळ धनादेश तीन आठवडे शाखेच्या कपाटात पडून राहिला, तर पुन्हा भरण्यासाठी उरलेल्या दिवसांतले तेवढे दिवस गेले. तक्रारीत ‘मला मनस्ताप झाला’ असे लिहिण्यापेक्षा ‘धनादेशाची मुदत अमुक तारखेला संपत होती आणि तो मला त्यानंतर मिळाला’ असे लिहिलेले अधिक परिणामकारक ठरते.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर खात्यात भरलेल्या धनादेशाची फिर्याद आपले खाते ज्या शाखेत आहे त्या ठिकाणच्या न्यायालयात चालते. खाते नाशिकच्या शाखेत आणि धनादेश मात्र सोयीसाठी ठाण्यात भरला, असे असल्यास भरल्याची पोच आणि खाते कोणत्या शाखेचे हे दाखवणारा उतारा, दोन्ही जवळ ठेवावेत.

मूळ धनादेशच सापडत नसेल तर

हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही, आणि बँकेची कसूर सर्वांत उघडपणे दिसते ती येथेच. शाखेकडून तोंडी आश्वासने मिळत राहतात, शोध चालू असल्याचे सांगितले जाते, आणि तोवर दिवस सरतात. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर तोंडी बोलणे थांबवावे आणि पुढीलप्रमाणे अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी:

‘मी दि. … रोजी आपल्या शाखेत माझ्या खाते क्र. … मध्ये जमा करण्यासाठी … बँकेवरील, क्र. … चा, रु. … चा धनादेश भरला. त्याची पोच सोबत जोडली आहे. धनादेश न वटल्याचा संदेश मला दि. … रोजी मिळाला. आजपर्यंत मूळ धनादेश आणि परतीचा मेमो मला मिळालेला नाही. कृपया मूळ धनादेश आणि परतीचे नेमके कारण व तारीख असलेला सहीचा मेमो आजच द्यावा. धनादेश सापडत नसल्यास तसे लेखी कळवावे आणि त्याच्या क्लिअरिंगमधील दोन्ही बाजूंच्या प्रतिमांची प्रमाणित प्रत द्यावी. धनादेशाची मुदत दि. … रोजी संपत आहे व कलम १३८ खालील नोटिशीची मुदत चालू आहे. विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर राहील.’

या अर्जातील लेखी कबुलीची मागणी सोडू नये. मूळ दस्तऐवज हरवल्याचे सिद्ध झाले तर न्यायालयात दुय्यम पुरावा देता येतो, आणि बँकेचे पत्र, प्रमाणित प्रतिमा व मेमो हे तिन्ही मिळून तो पुरावा उभा राहतो. आपल्या फोटोचा उपयोग येथे जोड म्हणून होतो. न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात धनादेश न वटल्याचे सिद्ध करण्यासाठी बँकेने धनादेशधारकाला पूर्ण सहकार्य करावे आणि कागदोपत्री पुरावा द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ‘मुख्यालयाकडून परवानगी घ्यावी लागेल’ असे शाखेने म्हटल्यास या सूचनेची आठवण करून द्यावी.

धनादेश वसुलीच्या वाटेत किंवा परतताना हरवला तर बँकेने ते खातेदाराला ताबडतोब कळवायचे असते, म्हणजे त्याला देणाऱ्याला सावध करता येते आणि त्या रकमेच्या भरवशावर स्वतः दिलेले धनादेश सांभाळता येतात. अशा प्रसंगी भार खातेदारावर नसून वसूल करणाऱ्या बँकेवर असतो, आणि दुसरा धनादेश मिळवण्यासाठी आलेला खर्च व त्यामुळे झालेल्या विलंबाचे व्याज बँकेने द्यावे, हा नियम आहे. मात्र संपूर्ण रक्कम मिळेलच असे धरून चालू नये. देणाऱ्याविरुद्ध दिवाणी दाव्याचा मार्ग मूळ व्यवहाराच्या आधारे तीन वर्षांपर्यंत साधारणपणे उघडा असतो, आणि बँकेचा वकील हाच मुद्दा पुढे करून आपले प्रत्यक्ष नुकसान कमी असल्याचे म्हणतो. त्याला उत्तर द्यायचे तर बँकेच्या चुकीने नेमके काय गेले ते दाखवावे लागते: फौजदारी कारवाईचा दबाव गेला, त्या कारवाईत कलम १४३अ खाली मिळू शकणारी वीस टक्क्यांपर्यंतची अंतरिम भरपाई गेली, दरम्यान देणाऱ्याने मालमत्ता विकली.

धनादेश आपण दिला आणि आपल्याच बँकेने चुकून परत केला

येथे बाजू उलटते, आणि कायदा अधिक ठामपणे खातेदाराच्या पाठीशी उभा राहतो. खात्यात पुरेसे पैसे असताना आणि धनादेश बिनचूक असताना बँकेने पैसे दिले नाहीत, तर त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तिने धनादेश देणाऱ्याला दिली पाहिजे, असे कलम ३१ सांगते. हा हक्क देणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही, म्हणून दुकानदाराने किंवा घरमालकाने थेट आपल्या बँकेशी भांडून उपयोग नसतो.

अशा वेळी त्याच दिवशी खात्याचा उतारा काढावा, कारण वाद असतो तो धनादेश पुढे आला त्या क्षणी शिल्लक किती होती याचा. नुसता शेवटचा आकडा पाहून भांडायला जाऊ नये. आदल्या दिवशी भरलेला दुसऱ्याचा धनादेश अजून वटलेला नसेल, तर ती रक्कम उताऱ्यात दिसते पण काढता येत नाही, आणि मग बँकेने ‘जमा अजून वटलेली नाही’ या कारणाने केलेली परत योग्य ठरते. खरोखर चूक बँकेची असेल, तर दोन गोष्टी मागाव्यात: चूक आमची होती असे धनादेश घेणाऱ्याच्या नावे लिहिलेले पत्र, आणि कापलेले शुल्क परत. व्यापाऱ्याच्या बाबतीत यांतले पत्र पैशापेक्षा मोलाचे असते.

सही न जुळल्याने परत आलेल्या धनादेशाबाबत बँकेला दोष देताना थोडे थांबावे. बनावट सहीच्या धनादेशावर पैसे दिले तर ती रक्कम बँकेला सोसावी लागते, आणि खातेदाराने वेळोवेळी आलेले उतारे तपासले नाहीत एवढ्याने तिची सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात ठरवले. ही जोखीम डोक्यावर असलेली बँक शंका येताच धनादेश परत करणारच. वय, आजार किंवा नुसत्या सवयीने सही बदलली असेल तर नमुना सही नव्याने द्यावी.

सहकारी बँका आणि पतसंस्था

महाराष्ट्रात हा वेगळा विषय आहे, कारण येथे असंख्य खाती नागरी सहकारी बँकांत, जिल्हा मध्यवर्ती बँकांत आणि पतसंस्थांत आहेत. लहान सहकारी बँका बहुधा एखाद्या मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंगमध्ये भाग घेतात, त्यामुळे धनादेश हाताळणाऱ्या साखळीत एक कडी वाढते आणि विलंबाचे खापर त्या मोठ्या बँकेवर फोडले जाते. खातेदाराचा व्यवहार मात्र आपल्या बँकेशीच असतो, आणि तिने आपल्या वतीने कोणाला नेमले हा तिचा प्रश्न आहे.

पतसंस्था ही बँक नव्हे. ‘अकाउंट पेयी’ धनादेश ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा झाला पाहिजे, हा नियम. त्याला रिझर्व्ह बँकेने एक सवलत दिली आहे: पन्नास हजार रुपयांपर्यंतचा, पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा धनादेश बँक त्या पतसंस्थेच्या खात्यात वसूल करू शकते. त्याहून मोठा धनादेश पतसंस्थेत भरू नये. तो परत आल्यावर मेमो पतसंस्थेकडे येतो, बँकेचा ग्राहक सभासद नसून पतसंस्था असते, आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पतसंस्थेविरुद्ध दाद मागता येत नाही.

एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, जसे सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर घातले होते, तर आधी दिलेले धनादेश खात्यात पैसे असूनही परत येऊ लागतात. अशा वेळी ज्यांना धनादेश दिले त्यांना निर्बंधाच्या बातमीसह लेखी कळवून दुसऱ्या मार्गाने रक्कम लगेच द्यावी. बँकेशी वाद घालण्यात येथे वेळ घालवू नये.

तक्रार कोठे आणि कशी

पहिली तक्रार बँकेकडेच करावी लागते, आणि ती शाखेकडे न ठेवता बँकेच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. एकात्मिक लोकपाल योजनेनुसार ही तक्रार ऑनलाइन पोर्टलवर विनामूल्य करता येते, ती योजनेत दिलेल्या मुदतीत करावी लागते, वकील लागत नाही, आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्काचा परतावा, व्याज, मेमो देण्यातील विलंब, धनादेश हरवणे अशा कागदांवरून सरळ सिद्ध होणाऱ्या तक्रारींसाठी हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो.

नुकसान मोठे असेल आणि साक्षीपुरावा तपासावा लागणार असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तेथे दोन वर्षांची मुदत असते. धंद्याचे चालू खाते असल्यास ‘हा ग्राहकच नाही, ही सेवा व्यापारी कारणासाठी घेतली होती’ असा आक्षेप बँक घेते, आणि २०२२ मध्ये एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा स्वरूपाचा आक्षेप मान्यही केला आहे. म्हणून व्यावसायिक खातेदाराने आयोगाची पायरी चढण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. एकाच कारणासाठी आयोग आणि लोकपाल या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही, त्यामुळे निवड आधी करावी.

तक्रार एका पानात बसवावी, तारखांच्या क्रमाने लिहावी आणि प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद जोडावा: भरल्याची पोच, एसएमएसचा स्क्रीनशॉट, मेमो, अर्जाची पोच, बँकेचे उत्तर. देणारा किती लबाड आहे याचे वर्णन त्यात नसावे. त्याच्याविरुद्धची फिर्याद वेगळी चालते, आणि ती चालू असल्याचा उल्लेख तक्रारीत एका वाक्यात करावा, कारण लपवल्यास बँक तोच मुद्दा पुढे करते. शेवटच्या परिच्छेदात मागणी आकड्यात लिहावी: शुल्क इतके, व्याज इतक्या दिवसांचे इतके, नोटीस व वकील यांवर वाया गेलेला खर्च इतका, आणि इतर नुकसानभरपाई इतकी, कोणत्या कारणाने.